बळवंतरावांची गाडी मी सोडवतो

५ जानेवारी १९८६, रविवार
नवीन वर्षाचे संकल्प: रोज डायरी लिहिणे, रोज फिरायला जाणे, दुसऱ्याच्या सुखाने आपलं पोट दुखू न देणे. तिसरा दुपारी मोडला. माझा दोष नाही.
सुलूच्या थोरल्या बहिणीचा, चंद्राताईंचा, निरोप आला. आमचे साडू बळवंतराव मस्कतची नोकरी सोडून कायमचे बोईसरला येतायत. मागून बोटीने दीड वर्षापूर्वी तिकडे घेतलेली गाडीही येतेय. टोयोटा. सुलूने हे अशा थाटात सांगितलं, जणू गाडी आमच्याच दारात लागणार आहे.
मी शांत होतो. भात अर्धा टाकला तो उकाड्यामुळे. जानेवारीतही उकडतं कधी कधी.

७ जानेवारी
घरमालकीण मैनाबाई नळावर सुलूला विचारत होती, तुज्या भनीकडं फारेनची गाडी येणार हाय म्हनं, खरं का. मी खिडकीतून पुन्हा तोच खुलासा केला की ती दीड वर्ष वाळवंटात घासलेली आहे, निव्वळ खटारा. मैनाबाई म्हणाली, खटारा हाय तं बोटीत कशाला घालतील? या बाईशी बोलण्यात अर्थ नाही.
बळवंतराव आमच्याच कंपनीत वेल्डर होते. मस्कतला जायचं ठरलं तेव्हा मलाही चल म्हणत होते. मी म्हटलं, परदेशात काय ठेवलंय. आता कळतंय काय ठेवलं होतं. टोयोटा ठेवली होती.

१२ जानेवारी
रविवारचं मटण चंद्राताईंकडे. ताई माझ्याकडे बघत सुलूला म्हणाल्या, भगवंतराव शिपिंगमध्ये आहेत, तेच गाडी कस्टममधून सोडवतील, हे म्हणत होते एजंट करू या, मी म्हटलं घरचा माणूस असताना एजंट कशाला.
मी डिस्पॅचला आहे. म्हणजे शिपिंगच. आमच्या कारखान्यातून मोम्बासाला जाणाऱ्या प्रत्येक खोक्यावर मोम्बासा हे नाव माझ्या हाताने रंगवलेलं असतं.
तरी विचार करून सांगतो म्हटलं. दुसऱ्यांदा मटण वाढून घेतलं.

१४ जानेवारी
विचार केला. हो म्हणायचं. गाडी त्यांची असेल, पण ती माझ्या हातून सुटली असं झालं पाहिजे. जन्मभर ऐकवता येईल.

२० जानेवारी
बळवंतरावांचा गाडीला टेकून काढलेला फोटो सुलूने शोकेसमध्ये लावलाय. मी त्याच्यापुढे पितळी हत्ती ठेवला होता. आज हत्ती बाजूला करून फोटो भिंगाखाली तपासला, केवळ कस्टमच्या दृष्टीने.
महत्त्वाचा शोध: स्टिअरिंग डाव्या बाजूला आहे. म्हणजे ड्रायव्हरशेजारी बसणारा माणूस उजव्या बाजूला. आपल्या रस्त्यावर उजव्या बाजूला बसलेला माणूस लोकांना कोण वाटणार?
माझी अट ठरली. बाकी काही नको. हायवेवरच्या चिल्हार फाट्यापासून बेटेगाव, बोईसर बाजार, आमच्या कंपनीचं गेट आणि आम्ही राहतो ते सालवड, एवढा रस्ता पुढची उजवी सीट माझी.

२ फेब्रुवारी
बळवंतराव आले. सफारी, सेंट, सगळ्यांना मिठ्या. मला घड्याळ दिलं. चांगलं चालतंय, पण हातावर घालणार नाही. (संध्याकाळी घातलं होतं. वेळ पाहायची होती.)
अट सांगितली. लगेच कबूल झाले. माणसाने जरा तरी आढेवेढे घ्यावेत.

१० फेब्रुवारी
बोट लेट. मैनाबाई विचारते, बुडली बिडली तं नाय? मी म्हटलं, शिपिंगमध्ये असं होतं. मनात क्षणभर बुडलेली गाडी आली. लगेच काढून टाकली. कस्टमचे नियम वाचायचं उद्यावर टाकलं.

१८ फेब्रुवारी
बोट लागली. नियमांचं पुस्तक आणलं. चौथ्या पानावर झोप आली. कायदा शेवटी कॉमन सेन्सच असतो.

२४ फेब्रुवारी, सोमवार
घडलं ते जसंच्या तसं लिहितो.
मी आणि बळवंतराव मुंबईला डॉकमध्ये गेलो. शेडमध्ये ती उभी होती. क्रीम रंग. एक ओरखडा नाही. सीटवरचं कंपनीचं प्लॅस्टिकसुद्धा चंद्राताईंनी पत्रातून बजावून काढू दिलेलं नाही. आमच्याकडे कुणीच काढत नाही, माझ्या सोफ्यावरही आहे. पण तिथे मी काचेला नाक लावून ते बघत राहिलो. इतकी सुंदर असेल असं फोटोत दिसलं नव्हतं.
कस्टमचा ऑफिसर तरुण, सभ्य. त्याने विचारलं, गाडी कशी आहे, वापरलेली ना?
दीड वर्ष मी सगळ्या सालवडला सांगत आलो की खटारा आहे. इथेही तेवढंच सांगायचं होतं. पण ऑफिसर माझ्याकडे बघत होता, दोन हमाल माझ्याकडे बघत होते आणि माझा हात आपोआप बॉनेटवर गेला. मी इंग्लिशमध्ये म्हणालो, ॲब्सोल्यूटली ब्रँड न्यू, सर. प्लॅस्टिक इज ऑल्सो नॉट रिमूव्ह्ड.
बळवंतराव खोकले. मला वाटलं, इंग्लिश ऐकून.
ऑफिसरने फाइल मिटली. म्हणाला, ड्यूटीत सवलत फक्त तिकडे वर्षभर वापरलेल्या गाडीला. नवी गाडी म्हणजे पूर्ण ड्यूटी, गाडीच्या किमतीहून जास्त. बळवंतराव म्हणाले, एवढी कुठून भरू, इथेच सोडून द्यावी लागेल. पुढच्या सोमवारी सगळे पुरावे घेऊन या, ऑफिसर म्हणाला.

२५ फेब्रुवारी
शांतपणे विश्लेषण केलं. चूक प्लॅस्टिकची. म्हणजे चंद्राताईंची.
त्यांनी बोलणं टाकलंय. सुलू बोलते, पण ताटातलं लोणचं बंद झालंय. बळवंतराव मात्र म्हणाले, होतं असं साडू, जीवाला लावून घेऊ नका. हा माणूस मला मुद्दाम छळतो.

३ मार्च, सोमवार
चौघेही गेलो. ऑफिसरने पुन्हा तेच विचारलं. मी तोंड उघडायच्या आत सुलू पुढे झाली.
तिने सांगितलं, साहेब, यांचं मनावर घेऊ नका. दीड वर्ष हे घरात, नळावर, कंपनीत सांगतायत की गाडी खटारा आहे, धूर सोडते, टायर गुळगुळीत झालेत. सालवडला कुणालाही विचारा. भावोजींच्या गाडीवर हे नुसते जळतात.
शेडमध्ये गेल्या सोमवारचेच ते दोन हमाल ऐकत होते.
ऑफिसरने मला विचारलं, यातलं खरं काय? चंद्राताईंनी पदराचं टोक घट्ट धरलं होतं. बळवंतराव जमिनीकडे बघत होते. मी म्हणालो, खटारा आहे साहेब.
मग त्या दिवशी ब्रँड न्यू कशाला म्हणालात?
मी रुमालाने बॉनेटवरची धूळ पुसू लागलो. सुलू हळूच म्हणाली, त्या दिवशी त्यांना गाडी आपलीच आहे असं वाटलं असेल.
ऑफिसरने मस्कतचे कागद पुन्हा उलटले, आत बसून मीटर पाहिला, ब्रेक पेडलच्या झिजलेल्या रबरावर पाय ठेवून पाहिला. हसला. सही केली.
परतताना तिघंही नंबरप्लेटबद्दलच बोलत होते. मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

१६ मार्च, रविवार
नंबर वगैरे होऊन गाडी आज घरी आली. चिल्हार फाट्याला चहा झाला. बळवंतरावांनी माझ्यासाठी पुढचा उजवा दरवाजा उघडून धरला. दिलेला शब्द पाळत होते.
मी म्हटलं, सुलूला बसू दे. पुढे बसलं की मला मळमळतं.
बेटेगाव, बाजार, कंपनीचं गेट. वॉचमन उभा राहिला. मी मागे, चंद्राताई आणि मस्कतच्या मिक्सरच्या मधे. सुलू पुढे ताठ बसली होती, केस उडत होते, एकदाही मागे वळून पाहिलं नाही.
सालवडला मैनाबाई धावत आली. सुलूला म्हणाली, बाय, तू गाडी कदी शिकलीस गं? सुलूने नाही म्हटलं नाही. रात्रीपर्यंत सालवडभर झालं, सुलूबाई मुंबईवरून गाडी चालवत आली, नवऱ्याला मागं बसवून.
सगळे पेढे खायला आत गेले तेव्हा मी जरा वेळ तसाच बसून राहिलो. प्लॅस्टिक पाठीला चिकटत होतं. त्याचा एक कोपरा सुटलेला होता. बोट घालून खालचं कापड चाचपलं. मऊ आहे.
गाडी चांगली आहे. हे कुठे बोलायचं नाही.