निघताना येणारा आवाज

१७ ऑक्टोबर, सकाळी

प्रिय दादा,

नमस्कार. मी मजेत आहे, तूही असशील. वहिनीची टाच आता दुखत नाही, थोरलीला नोकरी लागली, आणि तू नवा चष्मा केलास पण जुनाच घालतोस, हे सगळं मला ठाऊक आहे. कसं ठाऊक, ते पुढे सांगते. तेवढं तू बसून वाच.

सहा वर्षांनी लिहितेय, तेव्हा आधी माझी खबरबात. लिफ्टच्या कंपनीत आता सगळ्यांत जुनी मीच. एकशे बारा लिफ्ट माझ्या अंगावर आहेत आणि प्रत्येकीचा आवाज मला पाठ आहे. नवे साहेब माझ्या निम्म्या वयाचे. मला मॅडम म्हणतात आणि जरा टरकूनच असतात. मी जेवणाच्या सुट्टीत भिंतीकडे तोंड करून बसते, त्यावर पूर्वी सगळे बोलायचे. आता कुणी बोलत नाही, कारण माझ्याकडे कागद आहे.

हा कागद गेल्या वर्षीचा. ऑफिसात नवे दिवे लावले आणि त्यांच्या गुणगुणीने माझं डोकं उठलं. कानाच्या डॉक्टरने कान ठणठणीत आहेत म्हणून मनाच्या डॉक्टर बाईंकडे धाडलं. त्यांच्या फॉर्मवर प्रश्न होता, "तुम्हाला स्वतःविषयी काय वाटतं?" मी विचारलं, "किती वाजता?" बाई खो खो हसल्या. मग हसू आवरून म्हणाल्या, "नाही, प्रश्न चांगला आहे तुमचा. बोला, ऐकते." तीन भेटी झाल्या आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी मला कळलं की मी ऑटिस्टिक आहे. मराठीत स्वमग्न.

त्या शब्दावर मी बसमध्ये एकटीच हसत होते. शेजारची बाई उठून दुसरीकडे बसली. मग्न मी असते, कबूल. मग्न झाले की जेवायची शुद्ध राहत नाही. पण स्वतःत? तिथे तर मी फिरकतसुद्धा नाही!

बाईंना सांगितलं तेच तुला सांगते. मला वाटतं, तुम्हा लोकांच्या डोक्यात पुढच्या खोलीत एक 'मी' ऐसपैस बसलेला असतो. जे काही आत येतं ते त्याला विचारून येतं. माझ्याकडे ती खुर्ची बहुतेक वेळा रिकामी. दारं सताड उघडी. उजेड, वास, शेजाऱ्याचा नळ, कुणाच्या सदऱ्याची रेघ, सगळं थेट स्वयंपाकघरापर्यंत शिरतं. काम करताना 'मी काम करतेय' असं नसतंच. काम असतं, आवाज असतो, बस्स. मग कुणीतरी विचारतं, "कशी आहेस?" आणि मला घरभर शोधाशोध करून एक 'मी' आणून उभी करावी लागते. तोवर विचारणारा निघून गेलेला असतो. पण दादा, खुर्ची रिकामी म्हणजे घर रिकामं नव्हे. उलट इतकी वर्दळ असते की विचारू नकोस.

आता मुद्द्यावर येते. सुट्टीत धाकटी चार दिवस मामाकडे गेली होती ना? ती मामाकडे नव्हती. माझ्याकडे होती.

वहिनीवर रागावू नकोस. तिने मला फोन केला तेव्हा ती जिन्यात उभी राहून बोलत होती. शाळेत 'मी' या विषयावर निबंध लिहायला दिला आणि धाकटीने वर्गातल्या पंख्यावर चार पानं लिहिली, हे तुला माहीत आहेच. बाईंनी तुम्हाला बोलावून घेतलं, तू घरी येऊन तिला फैलावर घेतलंस, आणि त्यानंतर नऊ दिवस पोरगी बोलली नाही. वहिनी म्हणाली, "मला कळत नाही हो काही. तुम्हाला कळेल, म्हणून पाठवते."

पहिला दिवस आम्ही दोघी गप्प. फार छान गेला. दुसऱ्या दिवशी तिने तुमच्या सगळ्यांच्या बातम्या दिल्या, टाचेपासून चष्म्यापर्यंत. एका दमात, माझ्या शिलाई मशीनकडे बघत.

तिसऱ्या दिवशी एका दवाखान्याच्या इमारतीतून तक्रार आली. लिफ्ट मध्येच कण्हते, पेशंट घाबरतात. आमचे दोन इंजिनियर जाऊन हात हलवत परत आले होते. मी धाकटीला बरोबर नेलं. घाबरू नकोस, तिच्या डोक्यावर हेल्मेट होतं आणि मशीनच्या खोलीबाहेर स्टुलावर बसवलं होतं तिला. तिथे म्हातारा रखवालदार होता, बोलका. त्याने विचारलं, "काय गं बाळ, तू कोण?" धाकटी गप्प. त्याने पुन्हा विचारलं, मग माझ्याकडे वळून, "बोलता येत नाही का हिला?"

तेव्हा ती म्हणाली, "मी आत्ता ऐकतेय."

"बरं बाई, ऐक," म्हणून तो बिचारा कोपऱ्यात जाऊन बसला. 'कोण' विचारलं तर हिने 'काय करतेय' ते सांगितलं. मला तरी ते उत्तर चोख वाटलं.

चाळीस मिनिटं ती भिंतीला तळहात लावून बसली. मी लिफ्ट वर-खाली करत होते. मग म्हणाली, "आत्या, ती मध्ये नाही कण्हत. निघतानाच कण्हते. पण तेव्हा लोक बटण दाबत असतात, एकमेकांकडे बघत असतात. त्यांना नंतर ऐकू येतं."

मी ब्रेक उघडून पाहिला. एक बाजू नीट सुटत नव्हती, निघताना घासत होती. केसभर फरक. दोन इंजिनियरांना सापडला नाही तो अकरा वर्षांच्या मुलीने हाताने ऐकला, दादा! दुरुस्त केल्यावर रखवालदाराने लिफ्टमधून सहा फेऱ्या मारल्या आणि प्रत्येक मजल्यावर दार उघडून ओरडला, "गप्प झाली! गप्प झाली!"

इथपर्यंत लिहून मी उठले, चहा केला, पंखा पुसला. पुढचं लिहायचं टाळत होते.

जायच्या दिवशी सकाळी ती ब्रेड खाता खाता म्हणाली, "आत्या, बाबांनी मला विचारलं, तुझ्या आत कुणी आहे की नाही? मला बघता येत नाही. तू बघून सांगतेस?"

ती रडत नव्हती. लिफ्टबद्दल विचारावं तसं विचारत होती.

हाच प्रश्न तू मलाही विचारला होतास. अण्णा गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी. घर माणसांनी भरलेलं, दारावरची घंटा दर पाच मिनिटांनी वाजायची आणि वाजताना चिरकायची. मी ती काढून, पुसून, नीट करून परत लावत होते. तू सगळ्यांसमोर म्हणालास, "बाप गेलाय आणि ही घंटा दुरुस्त करतेय! अगं, तुझ्या आत माणूस आहे की नाही?" मी बॅग उचलली आणि दुपारच्या बसने निघून आले. मी चिडून गेले असं तुला वाटलं असेल. मी चिडले नव्हते. मला उत्तर माहीत नव्हतं. सहा वर्षं मला खरंच वाटत होतं की तुझंच बरोबर असेल.

अण्णांसाठी मी रडले, दादा. अकरा महिन्यांनी. हार्डवेअरच्या दुकानात फ्यूज घेताना, अण्णा वापरायचे त्या ग्रीसचा डबा उघडा होता. मी तिथेच खाली बसले. दुकानदाराने पाणी दिलं, विचारलं, "कोण गेलं?" म्हटलं, "वडील." "कधी?" "गेल्या वर्षी." तो म्हणाला, "असू दे. पोचलं ना शेवटी." पंधरा मिनिटं त्याने दुसरं गिऱ्हाईक घेतलं नाही. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही.

धाकटीला मी विचारलं, "काल लिफ्ट कुणी ऐकली?"

"मी."

"मग आहे की."

तिने विचार केला. आणखी एक ब्रेड खाल्ला. मग म्हणाली, "हे बाबांना तू सांग. मी सांगितलं तर नीट येणार नाही."

म्हणून हे पत्र. तू माफी मागावीस म्हणून नाही. मला मेली माफी कुठे ठेवायची तेही कळणार नाही. पण तो प्रश्न तिला पुन्हा विचारू नकोस. मला उत्तर सापडायला सहा वर्षं लागली, आणि तेही तिच्यामुळे. तिला इतकी वर्षं वाया घालवायला लावू नकोस.

तुझी,
बहीण


५ नोव्हेंबर, गुरुवार

प्रिय दादा,

रविवारी तू न कळवता आलास. न कळवता आलेलं मला चालत नाही हे तुला माहीत आहे, तरी आलास, आणि दारात उभा राहून म्हणालास, "पाच मिनिटं थांबतो बाहेर. तुला हवं तेव्हा उघड." तू साडेसात मिनिटं थांबलास. मी आतून घड्याळ बघत होते.

नंतर तू दोन तास बसलास आणि फारसं बोलला नाहीस, त्याबद्दल आभार. मी लिफ्टच्या विजेचे जुने रिले साफ करत होते आणि तू ब्रश हातात देत होतास. चुकीचे देत होतास, पण देत होतास.

वहिनीने फोनवर सांगितलेली धाकटीची गोष्ट मात्र मी ऑफिसात सगळ्यांना सांगितली. "काय ऐकतेस गं?" असं तू तिला नुसतं विचारलंस आणि ती पन्नास मिनिटं बोलली! तुमच्या इमारतीच्या पाण्याच्या पंपाबद्दल! आणि तू म्हणे कपाळाला हात लावून म्हणालास, "अगं, एवढं सगळं चाललेलं असतं होय तुझ्या आत?" पंपाचं बेअरिंग खरंच बदलून घे. तिचं म्हणणं आहे की तो महिनाभरही टिकणार नाही, आणि माझा तिच्या कानावर विश्वास आहे.

रविवारी तू रडलास तेव्हा मी तुला जवळ घेतलं नाही. पातेलं घासायला गेले. तू चष्मा पुसत म्हणालास, "घास, घास. मी आहे इथे." ते बरं केलंस.

एक राहिलं. बस सुटताना तू खिडकीतून हाक मारलीस. "ए भुंग्या!" लहानपणी मी सारखी गुणगुणायचे म्हणून तू मला भुंगा म्हणायचास. अण्णा गेल्यापासून त्या नावाने मला कुणी हाक मारली नव्हती. मी मागे वळले नाही, चालतच राहिले. तुला वाईट वाटलं असेल. पण तसं काही नव्हतं रे. हाक ऐकू आली होती, शब्दही कळला होता. भुंगा म्हणजे मी, एवढंच कळायला वेळ लागला. आज सकाळी एका इमारतीच्या पाचव्या मजल्यावर, मान वर करून तारा बघत असताना कळलं. हातातला पाना खाली ठेवला आणि मोठ्याने उत्तर दिलं. तिथे कुणी नव्हतं, म्हणून आता इथे लिहिते.

ओ, दादा.

तुझा,
भुंगा