बैलाच्या अंगावरचा महंत

आबा, तुम्हाला जाऊन पुष्कळ वर्षं झाली आणि मला लिहायची सवय नाही, तेव्हा चुका काढत बसू नका. काल लेकीनं मला ट्राममध्ये घालून इथं मँचेस्टरमधल्या एका म्युझियममध्ये नेलं. मी आठवडाभर शाळेच्या किचनमध्ये उभी असते, सुट्टीला पाय वर करून बसायचं सोडून जुनी चित्रं कोण बघतं, असं तिला वाटभर ऐकवलं. भिंतीवर काचेत छापील चित्रं होती, दीड-दोनशे वर्षांपूर्वीची. एकात काळा झगा घातलेला पाद्री, खुर्चीत न मावणारं पोट, काखेत कुणाचं तरी डुक्कर आणि पुढ्यात बेड्या घातलेला वाळका माणूस. म्हटलं, "हा एवढा का माजलाय?" लेक पाटी वाचून म्हणाली, "आई, तेव्हा पाद्री मॅजिस्ट्रेट पण असायचा. चर्चमध्ये पण तोच, कोर्टमध्ये पण तोच. पॉलिटिक्समध्ये पण. मग लोक असा कार्टून काढायची आणि दुकानच्या विंडोमध्ये लावायची." मी एवढ्या जोरात हसले की तिथली बाई वळून बघायला लागली. "आई, प्लीज, सगळे बघतायत." म्हटलं, बघू दे, याला मी ओळखते.

गावातल्या पाट्या तुम्हीच रंगवायचात आणि पोळ्याला बैलही. लोक बैलाच्या अंगावर मोर काढून घ्यायचे, नाहीतर पोराचं नाव. त्या पोळ्याला तुम्ही आपल्या पांढऱ्या बैलावर महंत काढलात. मठात तोच, पंचायतीत तोच, भांडणाचा निवाडाही त्याच्याच ओट्यावर. चित्रात तो तराजूच्या एका पारड्यात बसलाय, दुसऱ्यात हडकुळा शेतकरी, आणि वर तराजू धरलेला हातही महंताचाच. बैल मिरवत मठापुढनं जातो. लोक आधी मठाच्या दाराकडे बघतात. मग एक म्हातारी म्हणते, "पोट तेवढं हुबेहूब आलंय गं बाई," आणि सगळा रस्ता हसायला लागतो.

दुसऱ्या दिवशी बोलावणं आलं. तक्रार त्याची, निवाडाही त्याचाच. "बैल तुझा?" "माझा." "मग चित्र कुणाचं?" "ज्याला ओळखू आलं, त्याचं." तिथं तरी गप्प बसायचंत. बैल ओढ्यावर नेऊन सगळ्यांसमोर धुवायचा आणि गावात कुणी तुम्हाला पाटीचं काम द्यायचं नाही, असा हुकूम झाला. काम गेलं, माझी शाळा सुटली, मी आईबरोबर खुरपायला जायला लागले. पुढे काम मिळालं तरी तुम्ही नुसती अक्षरं रंगवलीत, माणूस परत काढला नाहीत. शेवटी दवाखान्यात म्हणालात, "पोरी, माझ्या एका चित्रानं तुझी शाळा खाल्ली." मी म्हटलं, "पडा गुमान, सिस्टर ओरडेल." दुसरं काही सुचलंच नाही.

काल त्या पाद्र्यापुढे सुचलं. शाळा चित्रानं नाही खाल्ली, आबा, महंतानं खाल्ली. इथं तसलीच चित्रं काचेत ठेवून वर दिवा लावलाय, शाळेच्या पोरांना दाखवायला आणतात. लेकीला मी आजवर आजोबा पेंटर होते एवढंच सांगितलं होतं, ती समजायची घरं रंगवायचे. परतताना ट्राममध्ये तिला सगळं सांगितलं. आमचा स्टॉप आला तरी माझं संपेना. "आजोबा लेजेंड होते," म्हणाली. "बैलाचा फोटो नाहीये?" कुठला फोटो. तिनं म्युझियमच्या दुकानातून पाद्र्याचं कार्ड घेतलं होतं, ते आता आमच्या फ्रिजवर आहे. भाजी चिरताना त्याच्याकडे बघते आणि बरं वाटतं. काम आहे, लेक शिकली, गुडघे सोडले तर माझी कशाबद्दल तक्रार नाही.

हा कागद मी पिठाच्या डब्याखाली ठेवणार, तिथं कुणी हात घालत नाही. एक राहिलं. ओढ्यावर तुमच्याबरोबर बैल धुवायला मी होते. गेरूत तुम्ही डिंक घातला होता, रंग निघता निघत नव्हता. तुम्ही वर पाठीकडे घासत होतात, खालचा महंत माझ्या वाट्याला आला होता. घरी आल्यावर आई कडाडली, कार्टीला धड बैलही धुता येत नाही, महंताचं पोट तसंच राहिलंय. ते पोट घेऊन आपला बैल पुढे कितीतरी दिवस रोज मठापुढनं चरायला जायचा.

मला बैल चांगला धुता येत होता, आबा.