कारीजाची दुसरी बायको

७ फरवर्दीन

आज माझं लग्न झालं. नवरा दिसायला कसा आहे ते सांगता येत नाही, कारण तो जमिनीखालून वाहतो.

काल गाढवावर बसून रीगाबादला आले. सोबत एक गाठोडं, बाबांची दौत आणि ही वही. बाबा गावातल्या पोरांना अक्षरं शिकवायचे, ती मलाही शिकवली. विधवा बाईने एकटीने बडबडण्यापेक्षा लिहावं, निदान लोक वेडी तरी म्हणत नाहीत, असं ते म्हणायचे.

मुल्लाने कारीजाच्या, म्हणजे गावाला पाणी आणणाऱ्या भुयाराच्या, तोंडाशी उभं राहून निकाह वाचला. नवरदेवाच्या वतीने ‘कबूल’ म्हणाला गावचा मुखिया, मशदी यदुल्ला. बायकांनी माझ्या तोंडात साखर कोंबली आणि हसून हसून डोळे पुसले. मला मिळणार दरसालचे गहू आणि राहायला एक खोली. बदल्यात मी दर शुक्रवारी कारीजाच्या पाण्यात अंघोळ करायची आणि दुसऱ्या पुरुषाकडे बघायचं नाही. बघितलं तर कारीज रुसतो आणि आटतो म्हणे. मी म्हटलं, बघण्याची हौस पहिल्या नवऱ्याने फेडली आहे. तो उंटवाला होता, बोलका होता, हातानेही बोलायचा. तो मेल्यावर दिरांनी मला दाराबाहेर काढलं. हा नवरा मारणार नाही, कालवणाला नावं ठेवणार नाही, आणि भर उन्हाळ्यात थंडगार राहील. मला तर हसू आवरेना.

१० फरवर्दीन

गाव आता कळू लागलं. डोंगराच्या पायथ्याशी आईविहीर आहे, तिथे पाणी उगम पावतं. तिथून गावापर्यंत भुयार, आणि वाटेत भुयारात उतरायच्या विहिरी, एकीपुढे एक. पाणी पहिल्यांदा उजेडात येतं ते मशदीच्या डाळिंबांच्या बागेत. मग मशीद, हमामखाना, चक्की, मग ज्याच्या त्याच्या मानाप्रमाणे घरं. शेवटचं घर वाळूला टेकलेलं, नने गौहरचं. ही म्हातारी पूर्वी हमामात बायकांना अंघोळी घालायची. इथे माणसाची पायरी विचारावी लागत नाही, त्याच्या दारातलं पाणी किती गढूळ आहे ते बघायचं. वाळूपलीकडे कोणी राहत नाही. पाणी जिथे संपतं तिथे माणूस संपतो.

माझी खोली मात्र बागेच्याही वर, पाणकोठीला लागून. पाणकोठी म्हणजे पायऱ्या उतरून भुयारातल्या पाण्यापर्यंत जायची जागा. बायकोने नवऱ्याजवळ राहावं म्हणून ही सोय. खोलीत कोनाड्यात एक फणी होती, दाराआड बायकी चपला. माझ्या आधीही कारीजाला एक बायको होती, सनोबर नावाची. ती कुठे गेली विचारलं तर बायका म्हणाल्या, माहेरी. अनवाणी? असं मी विचारलं. त्यावर सगळ्यांना एकदम कामं आठवली.

१४ फरवर्दीन

पहिली अंघोळ झाली. पाणी कमरेएवढं, गार, दगडी छतावर त्याची लकाकी हलत होती. मनातल्या मनात म्हटलं, अहो, ऐकलंत का, मी खावर, तुमची नवी बायको. आणि एकटीच हसले.

एक गोष्ट लिहून ठेवते. मी वाकून केस धूत होते तेव्हा पाठीवरून कोणीतरी हात फिरवला. हमामात शेजारीण पाठ चोळून देते ना, अगदी तसा, खांद्यापासून खाली, दाबून. मागे वळले. कोणी नव्हतं. पाण्याचा ओघ असेल. नवरा लाडात आला असं समजून वर आले. पण सुखाचं वाटलं, हे खोटं कशाला बोलू? कित्येक वर्षांत माझी पाठ कोणी चोळली नव्हती.

५ उर्दिबेहेश्त

डोंगराकडून दिवसभर धडधड येते. मशदीने आईविहिरीजवळ मागेच एक खोल विहीर पाडून तिच्यावर इंजिन बसवलं आहे. तिकडे त्याची खरबुजं, कापूस, सगळं शहरात जातं. पाणकोठीत मात्र पाणी उतरलं आहे. भिंतीवर ओल कुठपर्यंत होती ते स्पष्ट दिसतं.

नानवायाच्या भट्टीवर भाकरी घ्यायला गेले तर एकीने विचारलं, काय गं, नवऱ्याशी भांडलीस की काय? सगळ्या हसल्या. मीही हसले. दुसरी म्हणाली, परवा उंटांचा तांडा गेला तेव्हा ही दारात उभी होती म्हणे. या वेळी कोणी हसलं नाही. इंजिनाचं नाव कोणीच काढत नाही. ज्याच्या बागेतून तुमच्या दारात पाणी येतं त्याचं नाव कसं काढणार!

११ उर्दिबेहेश्त

पुन्हा तो हात. आता ओघ म्हणायची सोय नाही, पाणी गुडघ्याएवढंच आहे आणि मी बसून अंगावर घेत होते. दोन हात. मी दगडासारखी बसून राहिले. बोटं खरखरीत, थंड, आणि बोटांना नखं नव्हती. बायकांचा हात बायकांना कळतो. तो नवऱ्याचा हात नव्हता.

वर आल्यावर फणीत काळे लांब केस अडकलेले दिसले, ओले. मी ती फणी अजून एकदाही वापरलेली नाही.

३ खोर्दाद

शेवटच्या घरात पाणी जायचं बंद झालं. नने गौहरला पाण्याचा घडा नेऊन दिला. तिने तो बाजूला ठेवला, दार लावलं आणि बोलायला लागली. एवढे दिवस खरं सांगितलं असतं तर माझ्या दारातलं पाणी तोडलं असतं त्यांनी, म्हणाली. आता तसंही येत नाही, मग मी कोणाच्या बापाला भिऊ?

सनोबर माहेरी गेलेली नाही. इंजिन बसलं त्या वर्षी पाणी पहिल्यांदा उतरलं. मशदीने मशिदीत उभं राहून सांगितलं, बायको बाहेरख्याली निघाली, म्हणून कारीज रुसला. मग तिला रहाटाच्या दोराने आईविहिरीत उतरवलं. जा, नवऱ्याची समजूत काढ, म्हणाले. तो मानला याची खूण म्हणून तळातल्या पाण्याने घडा भर आणि दोराला दोन हिसके दे. बिचारीने घडा भरला, दोराला बांधला, हिसके दिले. त्यांनी घडा वर ओढून घेतला. दोर परत खाली गेलाच नाही.

नने म्हणाली, तीन दिवस आवाज येत होता गं. गावात वारा डोंगराकडून येतो, सगळ्यांना ऐकू गेलं. चौथ्या दिवशी थांबला. त्या साली पाऊस चांगला झाला, पाणी थोडं वाढलं, आणि गाव म्हणालं, बघा, मानला! तिच्या नावाने फातिहासुद्धा वाचला नाही, कारण ती मेली असं म्हटलं तर मारली कोणी हे आलंच. म्हणजे कागदोपत्री ती अजून नांदतेय, पोरी. तू तिच्यावर सवत म्हणून आलीस.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. मला आधी भीती वाटली आणि मग असा संताप आला की घरी येईपर्यंत दात एकमेकांवर घासत होते.

२० खोर्दाद

पळाले होते. लिहायला लाज वाटत नाही.

पहाटे निघाले, पखाल भरून. पुढचं गाव डोंगराच्या अंगाने, म्हणजे विहिरींच्या रांगेच्या बाजूनेच जावं लागतं. दुसरीकडे वाळू आणि मिठाची जमीन, तिथे पक्षीही जात नाहीत. दुपारपर्यंत पखाल रिकामी. विहिरींना पाणी आहे, पण दोर नाही. आणि प्रत्येक विहिरीवरून जाताना खालून ओलं कापड आपटल्याचा आवाज यायचा. मी पुढे जायची, आवाज पुढच्या विहिरीत यायचा. माझ्याबरोबर चालत होती ती, जमिनीखालून.

परत फिरले. मशदीच्या माणसांनी वाटेत गाठलं. मशदी म्हणाला, नवऱ्याला टाकून निघालीस, उगाच नाही पाणी आटत. सगळ्या गावासमोर म्हणाला. आता माझ्या दाराबाहेर त्याचा थोरला मुलगा बसतो.

५ तीर

अंघोळीला जावंच लागतं. सोबत बायका येतात, पायऱ्यांवर थांबतात, खाली उतरत नाहीत. पाणी घोट्याएवढं. आज मी मुद्दाम मागे पाहिलं नाही. पाठ पुढे केली. तिने चोळली. हळू. मग मान माझ्या खांद्यावर टेकवली. तिचे केस माझ्या छातीवर आले, गार, जड —

ती माझ्यावर चिडलेली नाही. सवत असून नाही. ती रडत होती, की पाणी गळत होतं, कोण जाणे.

मी हळूच विचारलं, कोणकोण होतं दोराला? तिने माझ्या पाठीवर बोटाने लिहिलं. तिला अक्षरं येत नसावीत. रेघा काढल्या. तीन उभ्या. एक मोठी, दोन लहान.

मशदी आणि त्याचे दोन मुलगे.

९ तीर

बागेतली डाळिंबं वाळली. आता मशदीलाच चटका बसला, तेव्हा सभा बोलावली. मला काही बोलूच दिलं नाही. मुल्ला पायांकडे बघत होता. उद्या मला आईविहिरीत उतरवणार. घडा भर, दोन हिसके दे — तेच शब्द, तसेच्या तसे. नवीन काही सुचत नाही यांना.

इंजिन बंद करा, असं मी ओरडले. सभेत एवढी शांतता झाली की धडधड स्पष्ट ऐकू आली. सगळ्यांनी ऐकली. सगळे उठून घरी गेले.

नने गौहर रडत आली. मी म्हटलं, रडू नकोस. तू उद्या दार लावून बस. काही ऐकू आलं तरी उघडू नकोस.

भीती वाटते का? वाटते. पण भीतीच्या तळाशी काहीतरी गोड आहे. पाणकोठीत जाऊन तिला सांगून आले — उद्या दोर येणार आहे.

१० तीर

तळाशी आहे. दिवा आहे. वही, दौत आणि कोनाड्यातली तिची फणी पोलक्यात लपवून आणली.

उतरताना भिंत पाहिली. तळापासून पुरुषभर उंचीपर्यंत ओरखडे. मातीत नखं रुतलेली, अजून तिथेच —

मी वरून खाली येताना मशदी म्हणाला, घाबरू नको बेटी, आम्ही इथेच आहोत. बेटी म्हणाला मला!

रहाटावर तिघेच आहेत. तो आणि त्याची पोरं. बाकीचं गाव लांब उभं आहे, कान झाकायला सोयीचं जावं म्हणून.

ती भुयारातून आली. दिव्याच्या उजेडात पहिल्यांदाच तोंड — नको. लिहीत नाही. मी डोळे मिटले नाहीत एवढं मात्र खरं. मी तिला म्हटलं, आपा, आधी तुझा मान. तू थोरली.

कमरेचा दोर सोडला. तिच्या कमरेला बांधला. माझ्या हाताला तिचं हाड —

घट्ट बांधला.

तिने फणी मागितल्यासारखा हात केला. केस विंचरून दिले. सासरी जाताना विंचरतात तसे.

मग दोन हिसके दिले.

ओढतायत. रहाट करकरतोय. ती वर चालली आहे, पाय भिंतीला न लावता, मान वर करून, त्यांच्याकडे बघत. पाणी तिच्या अंगावरून माझ्यावर गळतंय. इंजिनाची धडधड बंद पडली आत्ता. आपोआप. आणि भुयारात लांबून पाणी येतंय — खूप —

वरून मशदीचा आवाज येतोय, खुशीत आहे. ओढा रे पोरांनो, जड आहे, घडा काठोकाठ भरलाय.

घडा तर माझ्या मांडीवर —