मार्लविकची वास-समिती

मार्लविक, लंडनच्या दक्षिणेस
४ मे १८७२

ती. केझायाताईस,
एनॉकचा सा. न. वि. वि.

नोकरी लागली! इथल्या स्थानिक मंडळानं मला घाण-निरीक्षक नेमलं. जिथं दुर्गंधी, तिथं मी. हसू नकोस. मंडळाचे अध्यक्ष मिस्टर गॉडबोल्ड यांचा हाडं उकळून सरस करायचा कारखाना आहे. सगळ्या उमेदवारांना त्यांनी तिथल्या अंगणातच उभं केलं. एकानं रुमाल नाकाला लावला, एक भिंतीशी जाऊन ओकला, एक कुंपणावरून उडी मारून गेला तो आलाच नाही. मला भूक लागली होती, म्हणून मी खिशातला पाव आणि चीज काढून खात उभा राहिलो. अध्यक्षांनी माझा हात हातात घेतला नि म्हणाले की असाच माणूस मंडळाला हवा होता. लहानपणच्या तापात माझं नाक कायमचं गेलंय, हे अर्थातच मी बोललो नाही.

घरमालकीण मिसेस पार्मिंटर विधवा आहे, जिभेनं तिखट. मी जेवायला बसलो की बाहेर गारठा असला तरी खिडकी उघडते. का ते कळत नाही.

लोभ आहेच, माझ्या हुद्द्यामुळे तो आटू देऊ नये.

तुझा,
एनॉक


टिलहर्स्ट, केंट
११ मे

चि. एनॉकास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून चुलीपाशीच बसकण मारली. ज्याला नासकं अंडं आणि ताजं अंडं सारखंच, तो म्हणे घाण शोधणार! मेल्या, एवढं कसं कळेना? तुझं नाक गेलंय हे त्या गॉडबोल्डनं तिथंच ओळखलं, म्हणून तर तुला घेतलं. पण पद घेतलंयस तर नीट सांभाळ. घाणीनं माणसं मरतात रे. तुला वास येत नसेल तर ज्यांना येतो त्यांच्या तोंडाकडे बघ.

आणि मोजे रोज बदल. खिडकी का उघडते ते मला इथून कळतंय.

माया आहे तशीच आहे, धाकही तसाच धरावा.

तुझी,
ताई


मार्लविक, २० जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसा लोकांची तोंडं बघत फिरलो आणि फसलो. चर्चबाहेर पाचसहा बायका नाकं मुरडत उभ्या दिसल्या. मी ताबडतोब तिथं चुना टाकवला. पण त्या बायका नव्या पाद्रीच्या बायकोच्या टोपीला नाकं मुरडत होत्या. पाद्रीबाई टोपीसकट पांढऱ्या झाल्या.

शेवटी मिसेस पार्मिंटरलाच माझी दया आली. आता ती माझा दंड धरून बरोबर चालते. घाण असेल तर एक चिमटा, भयंकर असेल तर दोन. लोकांना वाटतं आमचं जमलंय. दंड काळानिळा झालाय, पण माझी तक्रार नाही.

थट्टा इथवरच. कारखान्याचं पाणी बोन लेनच्या उघड्या गटारात येतं, गटार विहिरीत पाझरतं, आणि गल्लीत विषमज्वर आहे. मिसेस पार्मिंटरची लहानगी भाची डोरा तिथंच अंथरुणाला खिळली आहे. काल मंडळाची वास-समिती पाहणीला आली. सगळे सद्गृहस्थ गटाराकाठी ओळीनं उभे राहिले. एक म्हणाले की ओल्या गवताचा मंद सुगंध येतोय. दुसरे म्हणाले की छे, बदामाचा. तिसरे काही म्हणायला गेले आणि बेशुद्ध पडले. ते उन्हानं, असं ठरलं. पाऊस पडत होता. तेवढ्यात एका घरातून लहान मुलाची शवपेटी निघाली. साऱ्यांनी टोप्या काढल्या, वाट दिली, टोप्या घातल्या, आणि वास नाही असा ठराव केला.

गुरुवारी जाहीर सभेत मी उठून तेच सांगायचं आहे, नाहीतर नोकरी गेली. ताई, काय करू?

एनॉक


टिलहर्स्ट, २२ जून

चि. एनॉकास,
आशीर्वाद, पण सबुरीनं.

हे विचारायचं असतं का? खोटं बोललास तर या घराची पायरी चढू नकोस. नोकरी गेली तर ये, बटाटे काढायला माणूस हवाच आहे. आणि चिमटे काढून घेत हिंडण्यापेक्षा त्या बाईला सरळ विचार. चाळिशी आली तुझी.

तुझ्या उत्तरावर लोभ अवलंबून आहे.

ताई


मार्लविक, ६ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उशिराबद्दल रागावू नकोस. घडलेलं सगळं एकदमच लिहितो. सभेत मी उठलो आणि सांगितलं की मला वासच येत नाही, तेव्हा माझ्या शब्दाला काडीची किंमत नाही. ज्यांना नाकं आहेत त्यांनी बोन लेनचं पाणी पिऊन दाखवावं. मिस्टर गॉडबोल्ड चिडून ओरडले की नाक नाही म्हणूनच तर तुम्हाला घेतलं! सभागृह खच्चून भरलेलं. मग मागून मिसेस पार्मिंटरनं खड्या आवाजात विचारलं की अध्यक्षांना आणखी कोणकोणते अवयव नसलेली माणसं हवी आहेत.

त्यानंतर सभा काही सभा राहिली नाही. समिती मागच्या दारानं पळाली. ते दार बोन लेनमध्ये उघडतं. साऱ्यांनी एकदम रुमाल काढून नाकाला लावले, आणि अख्ख्या गल्लीनं ते पाहिलं. पुढच्या बैठकीत गटार बांधून झाकायचं एकमतानं ठरलं.

आता वर विटांची कमान आहे, विहीर बुजवली, नळ आला. डोरा उठून बसते. केस सगळे गेलेत. शेजारची दोन मुलं मात्र हाती लागली नाहीत. त्यांच्या आईपुढून जाताना मला अजून मान वर करवत नाही. मला काढायला मंडळ धजत नाही, कारण काढलं तर कारण सांगावं लागेल.

मिसेस पार्मिंटरला विचारलं. तिनं दोन चिमटे काढले. मी गार पडलो, पण ती म्हणाली की या वेळी अर्थ निराळा आहे.

बोन लेनमधली पहिली तक्रार आजच आली. म्हाताऱ्या मिसेस टफनेल म्हणतात की गटार झाकल्यापासून त्यांना नवऱ्याचा वास येऊ लागलाय. चाळीस वर्षांत कधी आला नव्हता, मंडळानं काहीतरी करावं. उद्या सकाळी आम्ही दोघं पाहणीला जातोय.

लोभ यापुढे दोघांना पुरेल इतका धाडावा.

तुझा,
एनॉक