मागच्या सीटचे दोन हिरवे दिवे

४ नोव्हेंबर

निवड झाली! गाड्यांच्या मासिकातून उपसंपादकांचा फोन. तीन फॅमिली सेडान, एकच रस्ता, एकच दिवस, आणि तिन्ही चालवून गुण देणार एक सामान्य कुटुंब. म्हणजे आम्ही. अर्जात मी 'आनंदी, प्रवासप्रेमी, तिघांचं कुटुंब' असं लिहिलं होतं. त्यात खोटं काही नाही. तिघं आहोतच. त्यातल्या दोघी मार्चपासून माझ्या मेहुण्याकडे राहतात, इतकंच.

सहकुटुंब यावं लागेल, असं उपसंपादक दोनदा म्हणाले. मीही दोनदा हो म्हणालो.

५ नोव्हेंबर

ऑफिसात सगळ्यांना सांगितलं. शेजारच्या टेबलवाल्याने विचारलं, वहिनी परत आल्या का? म्हटलं, रविवारी येतायत. येतायतच, गाडीत.

एकदा स्वतःशी स्पष्ट लिहून ठेवतो. आमची ही रागावली ती माझ्यावर नाही, जुन्या गाडीवर. मार्चमध्ये हायवेवरच्या पंपावर पेट्रोल भरलं. ही आणि आमची मुलगी टिल्ली बाथरूमला गेल्या होत्या. मला वाटलं, आल्या. निघालो. वाटेत ॲव्हरेज, टायरमधली हवा आणि साहेबांचा स्वभाव या विषयांवर बोललो. कोणी उत्तर दिलं नाही, पण आमच्याकडे तसं देतच नाहीत. मग पाण्याची बाटली मागितली, हात मागे केला. कोणी दिली नाही, म्हणून रागावलो आणि त्या रागात आणखी बराच पुढे गेलो.

आता मागे कोणी बसलंय की नाही हे सांगायची सोय त्या डबड्यात नव्हती, याला मी काय करणार?

८ नोव्हेंबर

मेहुण्याकडे फोन केला. मेहुणे म्हणाले, ती बोलणार नाही, निरोप सांगा. सांगितला. आतून हिचं 'नको' ऐकू आलं. मग टिल्लीचं 'जाऊ या ना'. मग बराच वेळ कुजबुज. शेवटी ही स्वतः फोनवर आली. मार्चनंतर पहिल्यांदा!

तिने म्हणे दोन खोल्यांची जागा बघितली आहे, टिल्लीच्या शाळेजवळ. घरमालकाला सोमवारी हो किंवा नाही कळवायचं आहे. "रविवारी येतो आम्ही," ती म्हणाली. "बघू. मग ठरवू."

बघू म्हणाली म्हणजे जवळजवळ हो म्हणाली. हिचा स्वभाव मला पाठ आहे.

११ नोव्हेंबर

तिन्ही गाड्यांची माहितीपत्रकं आली. पांढरी दिसायला झकास. करडीची डिकी मोठी. पण निळी! निळीत डॅशबोर्डवर मागच्या प्रत्येक सीटसाठी एक छोटा दिवा आहे. मागे बसलेल्याने बेल्ट लावला की हिरवा लागतो. दोन दिवे हिरवे, म्हणजे दोन माणसं जागेवर. आता विसरणार कसा? माणसाने ठरवलं तरी विसरता येणार नाही.

ही गाडी मार्चमध्ये असती तर आज टिल्ली तिच्या खोलीत अभ्यास करत असती.

तिच्या टेबललॅम्पचा बल्बही आज बदलला. गेल्या वर्षीपासून सांगत होती. काहीच वेळ लागला नाही. उगाच राहिलं होतं.

१५ नोव्हेंबर

केस कापले. दोघींच्या गाद्या उन्हात टाकल्या, नवीन चादरी घातल्या. उद्याचा संकल्प: ॲव्हरेजचं नाव काढायचं नाही, साहेबांचं नाव काढायचं नाही, फक्त ऐकायचं. ते काय अवघड आहे? लिफ्ट कंपनीत तक्रारी ऐकायच्या टेबलावर उभा जन्म गेला. दिवसभर लोकांचं ऐकतो मी. घरी आल्यावर थोडं बोललो तर बिघडलं कुठे?

पण उद्या नाही. उद्या फक्त ऐकणार.

१६ नोव्हेंबर, सकाळ

आल्या! टिल्लीला टिल्ली कसं म्हणायचं आता? आईच्या खांद्याच्या वर गेली आहे. मला बघून हसली, मग आईकडे बघून हसू आवरलं. हिने निळा ड्रेस घातलाय. तब्येत सुधारल्यासारखी वाटते, हे जरा खटकलं.

पुढे बस म्हटलं तर ही म्हणाली, मागच्या सीटला गुण द्यायचे आहेत ना, मग मागेच बसते. मुद्दा बरोबर होता.

पांढरी आणि करडी झाल्या. संकल्प बराचसा पाळला. करडीत ही काहीतरी सांगायला लागली होती, तेवढ्यात गिअर अडकला आणि मला गिअरबॉक्स समजावून सांगावा लागला. तो विषय थोडा लांबला. टेस्ट आहे शेवटी, मध्येच सोडता येत नाही.

निळीत बसलो. टिक, टिक. दोन हिरवे दिवे. खरं सांगतो, दोनदा मोजले. टिल्लीने विचारलं, बेल्ट नुसताच लावला आणि माणूस नसलं तर? म्हटलं, असं कोण कशाला करेल, आणि पूर्ण यंत्रणा समजावून सांगितली.

१६ नोव्हेंबर, दुपार

हायवेवरच्या हॉटेलबाहेर, निळ्या गाडीत, स्टिअरिंगवर वही टेकवून घाईत लिहितोय. चहा झाला. दोघी मागे बसल्या आहेत. उपसंपादक आणि फोटोग्राफर मागच्या गाडीत. आजचा दिवस माझा आहे, हे आत्ताच लिहून ठेवायला हवं.

टिल्ली काहीतरी विचारतेय. हे वाक्य संपलं की ऐकतो.

पुन्हा विचारतेय. अजून किती लिहिणार, असं काहीतरी. हात वर करून 'एक मिनिट' म्हटलं. संध्याकाळी गाडी परत देताना सगळ्यांसमोर विचारणार आहे, घरी येता का म्हणून. वाक्य तयार आहे.

आता शांत झाल्या. किती बरं वाटतं असं, न भांडता एका गाडीत. या गाडीची दारं तर काय सुरेख! लागलेली कळतसुद्धा नाहीत. दारांना दहापैकी नऊ.

दोन्ही दिवे हिरवे. निघतो.

१६ नोव्हेंबर, संध्याकाळ

मासिकाच्या ऑफिसच्या आवारात गाडी थांबवली. उतरलो, वळसा घातला, थोडं वाकून मागचं दार उघडलं आणि तयार वाक्य म्हटलं.

सीटवर दोन बेल्ट ताणून नीट लावलेले. आत कोणी नाही.

मागची गाडी येईपर्यंत तसाच दार धरून उभा होतो. त्या गाडीतून आधी फोटोग्राफर उतरला. कसलाही विचार न करता त्याने माझा फोटो काढला, सवयीने असेल. मग टिल्ली, मग ही. उपसंपादक म्हणाले, किती हॉर्न वाजवले हो. वाजवत होते खरे. मला वाटलं, वेग वाढवा म्हणतायत. वाढवला होता.

ही भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. माझ्याकडे बघून तिने नुसती मान हलवली, आजारी माणसाकडे बघून हलवतात तशी, आणि टिल्लीला म्हणाली, चल, टॅक्सी बघू. टिल्लीने मागे वळून पाहिलं नाही.

यंत्रणेत मूलभूत दोष आहे. दिवा बेल्टवर नाही, वजनावर लागायला हवा. कंपनीला सविस्तर कळवणार आहे.

१७ नोव्हेंबर

कंपनीला कळवायचा मजकूर ऑफिसात तयार केला. चांगला कडक झाला आहे.

संध्याकाळी टिल्लीचा फोन आला. मी दिव्याचा दोष सांगायला लागलो. ती म्हणाली, बाबा, आज फक्त मला बोलू दे. गप्प बसलो.

"बेल्ट मी लावले होते. उतरून, परत वाकून लावले. आई नको म्हणत होती. मी म्हटलं, दिवे काही असू देत, तो निघताना मागे बघेल. आमची पैज होती. आई हरली असती तर आम्ही घरी येणार होतो." मग थोडं थांबून म्हणाली, "मी तुझ्या बाजूने लावली होती, बाबा."

रडत होती. तिने फोन ठेवल्यावरही मी तो कानाला धरून होतो.

मेहुण्यांचा निरोप आला, हिने घरमालकाला हो कळवलं आहे.

तो मजकूर फाडला.

२ डिसेंबर

मासिकाचा अंक आला. निळी पहिली आली आहे. मधल्या पानावर मोठा फोटो: मी वाकून दार धरलेला, चेहऱ्यावर अजून हसू. खाली छापलंय, 'मागच्या सीटवर ऐसपैस जागा.' ऑफिसात सगळ्यांनी अभिनंदन केलं. शेजारच्या टेबलवाल्याने विचारलं, वहिनी आणि मुलगी फोटोत कशा नाहीत? म्हटलं, त्या मागच्या गाडीत होत्या.

टिल्लीचा टेबललॅम्प मेहुण्यांनी आज नेला. नव्या जागेत लागेल म्हणून. चालतोय का ते लावून बघितला आणि मग दिला.

सकाळी जुन्या गाडीने ऑफिसला निघालो. चावी फिरवली, आणि निघायच्या आधी वळून मागच्या सीटकडे पाहिलं. हल्ली रोज बघतो. मग निघालो.