डाव्या हाताचा गोळा

चांदा, ता. १४ ऑक्टोबर १९५५

प्रिय इसरू,

चार पत्रं टाकली, एकाचंही उत्तर नाई. पावसात तुमच्या सिरोंच्याची मोटर बंद होती हे मले ठाऊक आहे, पण रस्ता सुरू होऊनही आता महिना झाला बे! सोमारी म्हणते, भाऊजी गोदावरीत जाळं टाकत असतील, तुमच्या पत्राले उत्तर कुठी बसून लिहितील? मी हो म्हटलं. बायकोले हो म्हणणं सोपं असते. तू काऊन लिहीत नाई ते मले समजते, आणि तरी तू यावं असं वाटते, म्हणून हे पाचवं.

पहिले बातमी सांगतो. खाणीच्या क्लबातला, गोऱ्या साहेबाच्या वेळचा बोलिंगचा काळा रबरी गोळा आठवते? तू फेकला की दहाच्या दहा लाकडी बाटल्या आडव्या, आणि मॅनेजर लोकांची तोंडं पाहण्यासारखी! तुझी दोन बोटं गेल्यापासून त्या गोळ्याले कोणी हात लावला नाई. कपाटाखाली धूळ खात होता. शेजारच्या खाणीसंगं दिवाळीनंतरचा सामना ठरला, तसा मी तो सेक्रेटरीले मागून वर्कशॉपात आणला. म्हटलं, इसरूचा डावा हात तर शाबूत आहे. लहानपणी तू डाव्या हातानंच गोटे मारून चिंचा पाडायचा, विसरला काय?

बोटं घालायची जुनी भोकं शिसमाच्या खुंट्या ठोकून, वरून लाख ओतून बंद केली आणि डाव्या हाताची नवी पाडली. माप कुठून आणलं म्हणशील, तर आमच्या दारातून. घर बांधलं तेव्हा तू हळदीत दोन्ही हात बुडवून भिंतीवर थापे मारले होते ना? सोमारी दर दिवाळीले भिंत सारवते, पण तेवढे दोन थापे सोडून सारवते. डाव्या थाप्यावर सुतळी धरून अंगठ्यापासून मधल्या बोटापर्यंतचं अंतर घेतलं. उजव्याकडे पाहणं झालं नाई मले. त्यात पाचही बोटं आहेत.

पण सामन्यात पंच प्रत्येक गोळा तोलणार आहे. वजन सोळा रत्तलांच्या वर नको, आणि एक अंग दुसऱ्याहून औंसभरापेक्षा जड नको, असं क्लबाच्या पुस्तकात लिहिलं आहे. मी जन्माचा खरादी, लेथवर हात बसलेला, मले वाटलं घटकाभराचं काम. कायचं बाप्पा! दवाखान्यातून औंसांची वजनं मागून आणली, फळी टेकवून ताजवा केला. पाहतो तर लाकूड रबराहून हलकं, म्हणून खुंट्यांचं अंग वर उचललं जाय. मंग खुंट्या पोखरून शिसं ओतलं. तोल आला, तर वजन सोळा रत्तल तीन औंस! थोडं शिसं काढलं की तोल बिघडे. दीड महिना हेच करून राह्यलो. परवा सोमारी डबा घेऊन आली, उभ्याउभ्या पाहिलं आणि म्हणाली, हलक्या अंगाले भर काऊन घालत बसले तुम्ही? जड अंगाचं काढा ना! मी खेकसलो तिच्यावर. ती गेल्यावर गुपचूप सारं शिसं काढलं, लाकूड भरलं आणि जड अंगाले बोटभर खोल एक भोक पाडलं. पंधरा रत्तल बारा औंस, तोल चोख. पुस्तक उघडून पाहिलं, असं भोक चालते.

खुश व्हायचं सोडून मी तिथीच बसून राह्यलो. दोन वर्षं तुझ्याकडे भरच घालत होतो मी. तुझ्या मायले लुगडं पाठवलं, मोहफुलं पाठवली, पत्रांत गमती लिहिल्या. माझ्याकडे जे जड होतं त्याले हात लावला नाई.

तुझी बोटं गेली त्या दिवशी मशीन बंद होती, तू चाकावर पट्टा चढवत होता. मी शेजारच्या मशीनवरच्या नथ्थूसंगं रविवारच्या खेळाची मस्करी करत होतो आणि मागं न पाहता मशीन सुरू करायचा दांडा ओढला. चौकशीत म्हटलं, इसरूनं चालू मशीनवर हात घातला. माझ्या त्या एका वाक्यानं तुझं काम गेलं. तुले दवाखान्यात सारं समजलं, तरी तू कोणापुढे माझं नाव घेतलं नाई. पेटी घेऊन निघाला, उजवा हात धोतराच्या सोग्यात लपवला आणि मोटरीतून डाव्यानं निरोप दिला. काल मी मॅनेजर साहेबापुढे खरी जबानी लिहून दिली, खाली सही केली. नोकरी राहते का जाते ते अजून समजलं नाई. घरी सांगितलं तर सोमारी आधी रडली, मंग म्हणाली, आजच्या आज लिहा त्यायले. माफ कर म्हणायले तोंड नाई माझं. गोळा सोमवारच्या मोटरीनं पाठवून राह्यलो. त्यात बोटं घालून पाह्य, अंगठा अडत असंल तर कानस घेऊन मी तिकडं येतो. सामन्याले यायचं का नाई ते तू ठरव. पण आलाच, तर मोटरीतून उतरताना उजवा हात लपवू नको. तो मी केला आहे, मले पाहू दे.

तुझाच,
पत्रू