पाडव्याची भवानी

हुबळी,
ता. २७ ऑक्टोबर १९८३

ती. अंबूअक्कास,
पदूचा शि. सा. न. वि. वि.

तुझं कार्ड पोचलं. गुडघ्याला तेल लावतेस ना? चिंगीला चार पिल्लं झाल्यापासून भावाची चौकशी कार्डाच्या कोपऱ्यात गेलीय, आणि तुझ्या त्या पॉमेरेनियन बाळंतिणीचं कौतुक मात्र पार पत्त्याच्या जागेपर्यंत! असो, मत्सर करत नाही.

काम असं आहे. पाखरं आणि काचेच्या पेटीतले मासे बघायला आता इथं लॅमिंग्टन रोडवर माझ्या दुकानापुढं कुणी थांबत नाही. शाळा सुटली की मुलं दुकानाशी येतात आणि नायीमरी आहे का विचारतात. सगळ्यांना कुत्र्याचं पिल्लूच हवं, तेही पांढरं, झुबकेदार. बेंगळूरहून पेट्यांत घालून पिल्लं मागवणारे इथं दोघं झालेत. माझी सख्खी बहीण धारवाडात एवढ्या मायेनं पिल्लं वाढवते आणि मी मासे विकत बसू होय? पाडव्याच्या मुहूर्ताला चौघं दुकानात हवीत. दिवाळीच्या आधी येऊन टोपली घेऊन जाईन. नाही म्हणू नकोस.

भाऊबीजेला येतोच आहे. करंज्या राखून ठेव. सीता नमस्कार सांगते. माया पातळ होऊ देऊ नये, हीच विनंती.

तुझं पाचवं पिल्लू,
पदू


धारवाड,
३० ऑक्टोबर

चि. पदूस,
अनेक आशीर्वाद वि.

अरे, पिल्लं म्हणजे काय आकाशकंदील आहेत, पाडव्याला टांगायला? अजून आईच्या दुधावर आहेत. ताटलीतला भात आताशी कुठं चाटायला लागलीत. शेंडेफळाचं तर पोट बिघडलंय, ते चिंगीच्या कुशीतून हलत नाही.

आणि विकायचं म्हणजे कुणाला? आपण मुलगी देताना घर बघतो, माणसं बघतो, विहीर लांब आहे का तेसुद्धा विचारतो. तुझ्या दुकानात गिऱ्हाइकाचं आडनाव तरी विचारतोस का?

पण आपले अप्पा गेल्यावर पाडव्याला तुझं दुकान भरलेलं दिसावं, असं मलाही वाटतं. तेव्हा ने. पण नुसती शोभेला, दोन दिवस. भाऊबीजेला चारही माझ्या ओट्यावर परत पाहिजेत. मोठी झाली की घर बघून मीच देईन. शेंडेफळाला गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून जवळ ठेव, दूध पातळ करून दे. हे सगळं सीतेला वाचून दाखव. तुझ्यावर माझा भरवसा नाही.

सांभाळून राहा.
तुझी,
अक्का


हुबळी,
८ नोव्हेंबर

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

परवा भाऊबीजेला तू ओवाळलंस, करंज्या वाढल्यास आणि पिल्लं का आणली नाहीस विचारलंस. सीतेला लळा लागलाय, चार दिवसांनी आणतो, असं मी सांगितलं. ते खोटं होतं. तिघं इथं आहेत. शेंडेफळ नाही.

पाडव्याला पूजा उरकून दुकान उघडलं, तर पहिलेच एक गृहस्थ आठ-नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन उभे. मुलीनं टोपलीत हात घातला आणि नेमकं शेंडेफळ उचलून छातीशी धरलं. मी म्हणालो, ते विकायचं नाही, दुसरं काहीही घ्या. मुलगी ऐकेना. तुला ठाऊक आहे, दुर्गदबैलच्या कापडाच्या दुकानात अप्पांनी पाडव्याची भवानी कधी परत पाठवली नाही. पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं गेलं तर वर्ष रिकामं जातं, म्हणायचे. त्या घडीला तुझं पत्र आठवलं नाही, अप्पा आठवले. देऊन टाकलं. पोट बिघडल्याचंही बोललो नाही. पाडव्याच्या दिवशी मालाची खोड कोण सांगतं?

नाव विचारलं नाही. विद्यानगरकडे राहतात, एवढंच बोलण्यात आलं. शिव्या दे, पण पत्र टाक.

तुझा अपराधी,
पदू


धारवाड,
१० नोव्हेंबर

पदू,

आशीर्वाद लिहायला हात होत नाही. माझ्यासमोर पाटावर बसून, कपाळाला माझं कुंकू लावून, तोंडात मिठाची गुळणी धरलीस! करंजी घशाखाली उतरली कशी रे तुझ्या?

अप्पा कापड विकत होते. कापडाचं ठाण कुणालाही दिलं तरी ते आईसाठी रडत नाही, त्याला हगवण लागत नाही. एवढं कळायला बायकांचा जन्मच घ्यावा लागतो काय?

आणि मी तरी काय शहाणी! कळत होतं, तरी टोपली हातात दिली. भावाचं दुकान भरलेलं दिसायला हवं होतं ना मला! चिंगी रोज त्या रिकाम्या कोपऱ्यात जाऊन जमीन हुंगते. मला तिच्याकडे बघवत नाही.

उरलेल्यांना हात लावशील तर खबरदार, त्यांना सीताच भरवील. विद्यानगरात घरोघर फिर, पण ते घर शोध. जीव असेल तर आण, मी जगवीन. तोवर तोंड दाखवू नकोस.

अंबू


हुबळी,
१७ नोव्हेंबर

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

विद्यानगर पालथं घातलं. घर सापडलं नाही. काल ते गृहस्थ स्वतःच दुकानात आले. पिल्लू तिसऱ्या दिवशी गेलं, अक्का. घरच्यांनी बिचाऱ्यांनी म्हशीचं दाट दूध वाटीवाटीनं पाजलं, अशक्त दिसतंय म्हणून.

ते भांडतील, चारचौघांत अब्रू काढतील, म्हणून मी मान खाली घालून उभा होतो. पण ते रागावलेच नाहीत. मुलगी जेवत नाही, म्हणाले, तसलंच दुसरं द्या. कंदिलाची काच फुटली, दुसरी बसवा, असं म्हणावं तसं. आणि खरं सांगू? मला हायसं वाटलं. एक पिल्लू उचलून मी त्यांच्या हातात ठेवलंसुद्धा. मग त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटली आणि परत घेतलं. आठवड्यानं या म्हणालो.

आता तू सांग, देऊ की नको? मी नाही दिलं तर ते बेंगळूरच्या पेटीतलं घेतील. ती पिल्लं तर याहून लहान असतात. मला काही सुचत नाही. या खेपेला नाव-पत्ता विचारून घेतलाय. गृहस्थांचं नाव वादिराज, मुलगी जयलक्ष्मी. पत्ता मागं लिहिलाय.

तुझा,
पदू


धारवाड,
२१ नोव्हेंबर

चि. पदूस,
आशीर्वाद. राग आहे, तो आशीर्वादाच्या आड येत नाही.

काल बसनं जाऊन त्या घरी आले. तुला कळवलं नाही, कारण तू बरोबर आला असतास. माणसं देवासारखी आहेत रे. मी घर बघायला गेले होते, पण खोट काढायला जागाच नव्हती. त्यांना कुणी काही सांगितलंच नाही, तर त्यांनी काय करावं? घर बघायचं होतं ते आपलं.

बेंगळूरच्या पेट्यांचं म्हणतोस. दुसऱ्यानं गाय मारली म्हणून आपण वासरू मारायचं का? दुकानात यापुढं माझ्या घरचं पिल्लू येणार नाही. ज्याला हवं त्यानं धारवाडला यावं, चिंगी बघावी, चार गोष्टी ऐकाव्यात आणि दिवस भरले की न्यावं.

तुझी भवानी ती मुलगी, जयलक्ष्मी. तिनं दुसरं पिल्लू मागितलं नाही. मी त्याच्या आईच्या घरून आले, हे कळल्यावर जवळ येऊन बसली आणि हळूच कानडीत विचारलं, की त्याच्या अव्वाला कळवलंत का? मी हो म्हणाले. या वयात एवढ्याशा पोरीशी खोटं बोलले, पदू.

घरी आल्यावर चिंगीजवळ बसून पाहिलं. माझ्याच्यानं होत नाही. रविवारी तिघांना घेऊन ये, आणि चौथ्याचं तिला तूच सांग.

वाट बघते.
तुझी,
अक्का